अंतिम वापर

व्हिएन्नातल्या आमच्या कचेरीत, तिसऱ्या मजल्यावर,
हीटर ऑक्टोबरपासूनच सुरू असतो.
समोर अर्ज: पोलादी नळ्या, बिनजोड,
लांबी सहा मीटर, नग नऊशे.
कुठल्या देशाला, ते सांगता येत नाही;
नोकरीला लागताना तशी सही दिली आहे.
आतला व्यासही सांगणार नाही.
तो माझ्या बोटांना पाठ आहे.

खाना चौदा: अंतिम वापर.
कुणीतरी निळ्या शाईनं, अक्षर सांभाळून लिहिलंय:
पिण्याचं पाणी.

गोराझ्देच्या घरातली न्हाणीची नळी
बाबांनी ब्याण्णवच्या उन्हाळ्यात उपटली.
आई म्हणाली, मोरीची तरी राहू द्या.
तसंही पाणी येत नव्हतं.

बाबा तंत्रशाळेत लेथ शिकवायचे.
पोरांना सांगायचे, धातूशी खोटं बोलू नका,
तो चुगली करतो.
वीज गेली तेव्हा लेथला सायकलची साखळी जोडली,
पेडलवर आळीपाळीनं मिर्सुद आणि जाड भिंगांचा फेहिम,
आणि बाबा वाकलेले, कपाळावर चष्मा,
जो डोळ्यांवर आहे असं समजून ते काम करत.

रेडिओ रात्री दहा मिनिटं, बॅटरी पुरवायची म्हणून.
त्यावर कळलं: शस्त्रबंदी.
सगळ्यांना सारखी.
शेजारची हस्निया म्हणाली, बरं झालं बाई,
आता डोंगरावरचेही थांबतील.
बाबा काही बोलले नाहीत, उठून नळ्या मोजू लागले.
डोंगरावरच्यांकडे अख्ख्या फौजेची कोठारं होती,
आमच्याकडे न्हाणीघरं.
सारखं म्हणजे काय, ते मी त्या वर्षी शिकले,
शाळा बंद असताना.

पहिली बंदूक फेहिमनंच मागून घेतली.
द्रिनाच्या काठी, पाण्याकडे तोंड करून
दोन बार नीट गेले.
तिसऱ्याला नळी उसवली,
शिवण उसवावी तशी, लांबच लांब.
त्यानं उजवा हात पोटाशी धरला होता
आणि तो माफी मागत होता, बाबांची,
नळी वाया घालवली म्हणून.

जोड होता तिला, बाबा म्हणत.
जेवताना म्हणत, रांगेत उभे असताना म्हणत,
युद्ध संपल्यावर, नवी न्हाणी बांधल्यावरसुद्धा
टाइल्सवर हात फिरवत म्हणत:
जोड होता. मला दिसायला हवा होता.

आणि इथे नेमकं हेच संशयाचं कलम आहे.
बिनजोड.
पलीकडच्या टेबलावरचा पिख्लर म्हणतो,
साध्या पाण्याला इतकी चांगली नळी कशाला?
शंका असेल तर नकार. नकारानं कुणी मरत नाही.
माणूस वाईट नाही तो. माझ्या झाडाला पाणी घालतो सुट्टीत.

असेल तिथे एखादी बाई, बादली पालथी घालून
तिच्यावर बसलेली, वाट बघत.
असेल एखादा मास्तर, कपाळावर चष्मा.
पाणी येईलही त्या नळ्यांतून, दोन-चार वर्षं,
आणि मग एका उन्हाळ्यात कुणी पाना घेऊन येईल.
खान्यात एकच ओळ मावते.

काल रात्री बाबांना फोन केला.
कुणाचा अर्ज, कुठला, काही बोलले नाही.
सहज विचारल्यासारखं विचारलं,
बिनजोड नळी इतकी महाग का असते हो?
ते मास्तरांसारखे बोलत राहिले,
तापलेला गज, मधून आरपार जाणारा सुळा,
कुठेही टाका नाही, आणि मग म्हणाले,
तसल्या आम्हाला मिळाल्या असत्या ना, आल्मासा,
तर

मी थांबले.
तर फेहिमचा हात राहिला असता?
की तो हात आणखी बरंच काही करून बसला असता?
तिकडून नळाचा आवाज येत होता.
भांडी विसळत असावेत. ऐकू कमी येतं हल्ली,
नळ सोडून तसाच विसरतात.

फेहिमचं कार्ड येतं दर नव्या वर्षी,
डाव्या हातानं लिहिलेलं.
अक्षर सुधारलंय.

अर्ज टेबलावर आहे.
गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे.